आपण हिटलर शिकवतो, जर्मन माणसे राहून जातात

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सादर नमस्कार.

राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. माध्यमिक वर्गांच्या इतिहासात नाझी जर्मनी कसा यावा, याबद्दल एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी इतिहास शिकवते. वर्गात हिटलरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, 'आपल्यालाही असाच एक हिटलर पाहिजे, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ होतील.' मुले हे घरी ऐकतात, चहाच्या टपरीवर ऐकतात. त्यांचा मला राग येत नाही. आपण त्यांच्यापुढे एकच माणूस उभा करतो: त्याची भाषणे, त्याची युद्धे, शेवटी त्याची आत्महत्या. ज्यांच्या जिवावर त्याने बारा वर्षे राज्य केले, ती माणसे आपल्या शिकवण्यात फारशी येतच नाहीत.

ती माणसे काही सुरुवातीपासून त्याच्या मागे नव्हती. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला ३३ टक्के मते मिळाली होती. पुढे सत्ता आली, विरोधक तुरुंगात किंवा छळछावणीत गेले, आणि उरलेल्यांचे आयुष्य वरवर पाहता सुरळीत चालू राहिले. रोजगार वाढला. ७६ मार्कांचा सरकारी रेडिओ घराघरांत आला. हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी एकाच भांड्यातले साधे जेवण करायचे आणि वाचलेले पैसे दारावर येणाऱ्या माणसाकडे मदतनिधीसाठी द्यायचे, असा दंडक पडला. कोण देते आणि कोण टाळते, हे आळीत सगळ्यांना कळत असे. गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, मनुष्यबळ लोकांना वाटे तेवढे नव्हते. वुर्झबर्ग शहरातल्या त्यांच्या फायली युद्धातून वाचल्या. इतिहासकारांनी त्या तपासल्या तेव्हा दिसले, की ज्यूंशी संबंध ठेवल्याच्या कितीतरी प्रकरणांची सुरुवात सामान्य लोकांनी केलेल्या चुगल्यांतून झाली होती.

बर्लिनच्या ओटो आणि एलिझे हाम्पेल या जोडप्याची गोष्ट मुलांना कळावी, असे मला फार वाटते. ओटो कारखान्यातला कामगार. एलिझे काही वर्षे नाझींच्या महिला संघटनेत होती. १९४० मध्ये तिचा भाऊ लढाईत मारला गेला आणि दोघे बदलले. ओटो पोस्टकार्डांवर ठळक अक्षरांत मजकूर लिही: युद्धाला साथ देऊ नका, मदतनिधीला पैसे देऊ नका. मग ती कार्डे इमारतींच्या जिन्यांत ठेवून दोघे निघून जात. दोन वर्षांत अशी २०० हून अधिक कार्डे ठेवली गेली. ज्यांच्या हाती ती पडली, त्यांतल्या बहुतेकांनी ती मुकाट्याने पोलिसांच्या हवाली केली. १९४२ च्या शरद ऋतूत दोघे पकडले गेले आणि ८ एप्रिल १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. मुलांना हाम्पेल आपोआप आवडतील. पण जिन्यात कार्ड उचलून इकडेतिकडे बघणाऱ्या माणसापाशीही शिक्षकाने थांबावे. तो राक्षस नव्हता. त्याला बायकामुले होती आणि तो घाबरलेला होता.

दुसरे उदाहरण हॅम्बुर्गचे. हद्दपार केलेल्या ज्यूंच्या घरातले सामान तिथे लिलावात निघे. पुढे नेदरलँड्समधल्या ज्यूंचे सामानही जहाजांनी बंदरात येऊ लागले. फर्निचर, कपडे, चादरी, भांडी. वर्तमानपत्रांत लिलावाच्या जाहिराती येत. हॅम्बुर्ग आणि आसपासच्या किमान एक लाख लोकांनी अशी खरेदी केली, असे इतिहासकारांचे म्हणणे आहे. त्यात बॉम्बहल्ल्यात घर गमावलेलेही होते. त्यांची गरज खरी होती, आणि पलंग कुणाचा हे ठाऊक असण्याची शक्यताही तितकीच खरी होती.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना जवळच्याच बुखेनवाल्ड छावणीत नेऊन तिथली प्रेते दाखवली. शहरापासून छावणी जेमतेम आठ किलोमीटरवर. 'आम्हाला माहीत नव्हते,' असे पुष्कळांनी सांगितले.

त्यानंतरचे हालही मुलांना सांगितले पाहिजेत. पूर्वेकडून सुमारे सव्वा कोटी जर्मन निर्वासित होऊन आले. उद्ध्वस्त शहरांत बायका विटांचे ढिगारे उपसत होत्या. १९४६-४७ च्या हिवाळ्यात रेशन इतके अपुरे होते, की कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी चर्चमधूनच सांगितले, जीव आणि तब्येत राखण्यापुरते, दुसऱ्या मार्गाने मिळत नसेल तर घेतले तरी चालेल. युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या भागात, सरकारी किंवा जबाबदारीच्या जागेवर असलेल्यांना वा ती मागणाऱ्यांना १३१ प्रश्नांचा अर्ज भरून आपण नाझी राजवटीत काय केले ते सांगावे लागे. पण शेजारी आणि पाद्री चांगुलपणाची प्रमाणपत्रे देत, आणि बहुतेक जण 'नुसते बरोबर चालत गेलेले' या वर्गात बसून सुटले. पुढे कित्येक वर्षे घरात कुणी बोलले नाही. फ्रित्झ बाउअर या सरकारी वकिलाच्या चिकाटीने १९६३ मध्ये फ्रँकफुर्टला आउशविट्झ या मृत्युछावणीत काम केलेल्यांवरचा खटला उभा राहिला आणि तरुण पिढी आईवडिलांना उघडपणे विचारू लागली.

महोदय, धडा लांबवा असे मी म्हणत नाही. सनावळ्या थोड्या कमी करून दोन पाने या माणसांना द्यावीत. त्यांत हाम्पेल यांचे एखादे पोस्टकार्ड, लिलावाची एक जाहिरात आणि त्या १३१ प्रश्नांतले पाचसहा प्रश्न मराठीत छापावेत. परीक्षेत 'नाझी राजवटीची वैशिष्ट्ये लिहा' असे विचारण्याऐवजी यातला एखादा कागद देऊन, तो लिहिणाऱ्याच्या आणि तो हाती आलेल्याच्या जागी मुलांना विचार करायला लावावा. शिक्षक प्रशिक्षणात यासाठी निदान अर्धा दिवस राखावा, कारण आम्हालाही हे कुणी शिकवलेले नाही.

कागदपत्रे निवडण्यासाठी आणि मराठीत आणण्यासाठी काम करायला माझ्यासारखे शिक्षक तयार आहेत. आपल्या कार्यालयाने बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन.

आपली,
एक इतिहास शिक्षिका