रिकॉल किती झाले, यापेक्षा कशासाठी झाले ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक वाद कधीच संपत नाही. अमुक कंपनीने वर्षभरात दोष दुरुस्त करायला किती वेळा गाड्या परत बोलावल्या, म्हणजे किती रिकॉल काढले, ते मोजायचे आणि त्या आकड्यावरून कंपनी भंगार की भरवशाची, हे ठरवून टाकायचे. गेली दोन वर्षे अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांच्या बातम्यांनी या वादाला भरपूर खतपाणी घातले आहे. तिथले आकडे आपल्याकडेही तावातावाने सांगितले जातात. पण रिकॉलचा नुसता आकडा बांधणीविषयी फार थोडे सांगतो. आपल्याकडच्या नियमांनीही मोजणीवर असाच भर दिला आहे आणि ते अधिक गंभीर आहे, म्हणून हे पत्र.

आधी आकड्यांचे पाहू. फोर्डने २०२५ मध्ये अमेरिकेत दीडशेहून अधिक रिकॉल जाहीर केले. त्याआधीचा वर्षभराचा उच्चांक जनरल मोटर्सच्या नावावर होता, २०१४ मधला, ७७ रिकॉलचा. यावरून फोर्डच्या गाड्या दुपटीने वाईट झाल्या असा निष्कर्ष लगेच निघतो. मात्र मागच्या कॅमेऱ्याच्या दोषाचे रिकॉल वेळेत केले नाही म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या रस्ते-सुरक्षा प्रशासनाने याच कंपनीशी १६.५ कोटी डॉलर दंडाचा करार केला होता आणि मागच्या तीन वर्षांतली रिकॉल पुन्हा तपासण्याची अट घातली होती. जुन्या दुरुस्त्या अपुऱ्या निघाल्या की नवे रिकॉल काढावे लागते. म्हणजे या फुगलेल्या संख्येत दोष आहेत आणि दोष झाकता न येण्याची सक्तीही आहे.

टेस्लाच्या सायबरट्रकचे उदाहरण यापेक्षा बोलके आहे. समोरचे पार्किंग दिवे गरजेपेक्षा प्रखर होते म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ६३,६१९ गाड्यांचे रिकॉल निघाले. गाडी घरीच उभी राहिली आणि सॉफ्टवेअर दुरून बदलले गेले. त्याआधी मार्चमध्ये ४६,०९६ गाड्यांचे एक रिकॉल निघाले होते, ते छताच्या कडेने जाणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी धावत्या गाडीवरून सुटून रस्त्यावर पडू शकते म्हणून. यादीत दोन्हींची नोंद ‘एक रिकॉल’ अशीच होते. वजन मात्र अजिबात सारखे नाही. पट्टी डिंकाने चिकटवलेली होती आणि हवामानाच्या माऱ्याने तो डिंक ठिसूळ होत होता. नव्या पट्टीला स्टड (आटे असलेली खुंटी) वेल्ड करून नटाने सांगाड्याला पकड दिली, तेव्हा ती दुरुस्ती झाली. डिंक वापरणे हा मुळात गुन्हा नाही, आपल्या सगळ्या गाड्यांच्या काचा डिंकावरच बसतात. पण काच चौकटीत बसते, पृष्ठभागावर योग्य प्रायमर (डिंक धरावा म्हणून आधी द्यायचा थर) लागतो, आणि मग डिंक टिकतो. सायबरट्रकच्या काचेवर वरून बसवायच्या दिव्यांच्या पट्टीला चुकीचा प्रायमर लागला आणि ६,१९७ गाड्यांचे आणखी एक रिकॉल काढावे लागले. २०२४ मध्ये याच ट्रकच्या ३,८७८ गाड्यांत अॅक्सिलरेटर पेडलवरचा धातूचा पॅड निसटून वरच्या अस्तरात अडकू शकत होता. कारण काय, तर जुळणीच्या वेळी पॅड सहज सरकावा म्हणून साबण वापरला गेला होता आणि तो मंजूर प्रक्रियेत नव्हता. बांधणीचा दर्जा जोखायचा असेल तर मी पार्किंग दिव्यांचे रिकॉल बाजूला ठेवीन आणि बाकीची तीन पाहीन. तिन्हींत जोडणीची प्रक्रिया चुकली आहे आणि डिंक किंवा घर्षण सुटले तर भाग धरून ठेवणारा दुसरा आधार नव्हता.

इंजिनांच्या रिकॉलमध्ये उपाय काय केला, हे तर बारकाईने वाचायला हवे. टोयोटाने २०२४ मध्ये टुंड्रा आणि लेक्ससच्या मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. इंजिनाचे भाग यंत्रावर कापताना सुटलेला धातूचा कीस आत राहिला होता. तो क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) ज्यावर फिरतो त्या मेन बेअरिंगवर जाऊन बसला की बेअरिंग निकामी होते, इंजिन ठोकू लागते आणि चालत्या गाडीत बंद पडते. उपाय म्हणून इंजिन बदलून देण्यात आले. जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ इंजिनांत क्रँकशाफ्टची मापे आणि पृष्ठभागाचे फिनिशिंग चुकलेले होते, शिवाय कनेक्टिंग रॉड आणि ऑइलच्या वाटांत गाळ होता. एप्रिल २०२५ च्या या रिकॉलमध्ये अमेरिकेतल्या सुमारे ५ लाख ९७ हजार गाड्या होत्या. तपासणीत नापास झालेल्यांना इंजिनाची दुरुस्ती किंवा नवे इंजिन मिळाले. पास झालेल्यांना ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर आणि ऑइलचा नवा ग्रेड लिहिलेले झाकण देऊन परत पाठवले. जाड ऑइलचा थर बेअरिंगवर अधिक टिकतो हे खरे. पण त्याने गाळ निघत नाही आणि क्रँकशाफ्टचे माप सुधारत नाही. माझ्या मते टोयोटाचे रिकॉल लाजिरवाणे असले तरी त्यातली दुरुस्ती खरी आहे. जनरल मोटर्सची पास झालेल्यांसाठीची दुरुस्ती ही जोखीम पुढे ढकलणारी आहे.

टुंड्राची आणखी एक गोष्ट शौकिनांच्या नजरेतून सुटते. त्याच इंजिनाची हायब्रिड टुंड्रा त्या रिकॉलमध्ये नव्हती. इंजिन बंद पडले तरी विजेच्या मोटरवर गाडी थोडी पुढे नेता येते, म्हणून चालत्या रस्त्यात ओढ एकदम जाण्याचा धोका तिथे धरला गेला नाही. रिकॉल ही सुरक्षिततेपुरती कायद्याने आखलेली रेषा आहे. रिकॉल निघाले नाही म्हणून इंजिन चांगले, असा अर्थ होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीचे रिकॉल झाल्यास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण नियमांची मांडणी तक्रारींच्या संख्येवर झाली आहे. ट्रक आणि बससारख्या वाहनांसाठी वार्षिक विक्रीच्या ३ टक्के तक्रारी हा उंबरठा आहे. वर्षाला १० हजार विकल्या जाणाऱ्या ट्रकच्या ३०० मालकांनी तक्रार नोंदवावी, मग चक्र फिरणार. शिवाय वाहन सात वर्षांच्या आतले हवे.

या दोन्ही अटी ताकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगला लावून पाहा. त्यातल्या इन्फ्लेटरमध्ये (पिशवी फुगवणाऱ्या डबीमध्ये) अमोनियम नायट्रेट होते. उष्णता आणि दमटपणाने ते वर्षानुवर्षे खराब होत जाते आणि एके दिवशी अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे कवच फुटून तुकडे चालकाच्या अंगावर येतात. तोवर गाडीत काहीही जाणवत नाही. ना आवाज, ना कंप. मग मालक तक्रार कशाची करणार? आणि धोका वयाबरोबर वाढणारा, म्हणजे सात वर्षांनंतरच तो खरा मोठा होतो. अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरचे रिकॉल झाले आणि दमट किनारी राज्यांतल्या गाड्यांना आधी हात घातला गेला. कोकण आणि गोव्याची हवा त्याच जातीची आहे. जुनी मोटार वापरणाऱ्या इथल्या प्रत्येकाने चेसिस क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून एअरबॅगचे रिकॉल बाकी आहे का, हे आजच पाहावे. सतरा अक्षरी क्रमांक आरसीवर असतो. रिकॉलची दुरुस्ती मोफत करून मिळते.

वास्तविक कायदा इतका आंधळा नाही. कलम ११०-अ मध्ये मालकांच्या टक्केवारीबरोबरच चाचणी संस्था किंवा ‘अन्य कोणताही स्रोत’ यांच्याकडून आलेल्या माहितीवरही केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. ही दारे वापरात आणायला हवीत. सदोष फायरस्टोन टायरमुळे झालेल्या अपघातांच्या प्रकरणानंतर अमेरिकेने २००० साली कायदा करून उत्पादकांना वॉरंटी दावे, मृत्यू-जखमींचे दावे आणि फील्ड रिपोर्ट (वापरातल्या गाड्यांतल्या बिघाडांचे अहवाल) दर तिमाहीला सरकारकडे देण्याची सक्ती केली. सुरक्षेचा दोष आहे असे कंपनीला कळले की पाच कामकाजाच्या दिवसांत कळवावे लागते. तक्रारींचा कोटा भरायची वाट पाहिली जात नाही. आपल्याकडच्या कंपन्या स्वतःहून रिकॉल करतात, हे मान्य केलेच पाहिजे. २०२३ मध्ये चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या इंजिनाजवळचा वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा) घासला जाण्याच्या शक्यतेमुळे तपासल्या गेल्या. २०२२ मध्ये मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या मालवाहू गाडीच्या ५,००२ नगांत सीटबेल्टच्या बकल ब्रॅकेटचा बोल्ट नीट आवळला आहे का, ते पाहिले गेले. एका बोल्टच्या आवळणीसाठी कंपनीने गाड्या बोलावल्या, याबद्दल तिची टिंगल झाली. मला ते बरोबर वाटत नाही. कारखान्यात उत्पादनाची नोंद ठेवली जाते म्हणूनच नेमके किती नग संशयित आहेत ते सांगता आले.

मोठ्या ट्रकांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण अर्धा ट्रक कंपनी बनवतच नाही. अनेक ट्रक चेसिस म्हणजे नुसता चालता सांगाडा म्हणून विकले जातात आणि माल ठेवायचा हौदा बाहेरचा बॉडी बिल्डर बांधतो. ट्रक बॉडीसाठी एआयएस-०९३ हे मानक आहे, चेसिस उत्पादकाची बॉडी बांधणीची पुस्तिका असते. तरी चुका त्याच त्या होतात. चेसिसच्या लाँग मेंबरचा (लांबीभर जाणाऱ्या तुळईचा) आकार इंग्रजी सी सारखा असतो. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, सर्वाधिक ताण येतो, मधल्या उभ्या भागावर सर्वांत कमी. म्हणून भोक पाडायचेच तर उभ्या भागात, आणि तेही पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. फ्लँजला भोक पाडले किंवा आडवा वेल्ड मारला, की तिथून तडा सुरू होतो आणि उभ्या भागात चढतो. हौदा यू-बोल्टने बांधताना चॅनेलच्या आत ठोकळा दिला नाही तर बोल्ट आवळताना फ्लँज आत वाकते. ठोकळा लाकडी चालतो, पण सायलेन्सरजवळ तो लोखंडीच हवा, नाहीतर आगीला आमंत्रण. हौदा आणि चेसिस यांच्यामधल्या सब-फ्रेमचे (आधाराच्या चौकटीचे) केबिनमागचे टोक उतरते कापावे लागते. ते चौकोनी ठेवले तर ताठ भाग एकदम संपतो आणि बरोबर त्या रेषेवर चेसिस तडकते. चेसिसवर आर्क वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढणे, ईसीयू (गाडीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आणि अल्टरनेटरचे (वीज बनवणाऱ्या यंत्राचे) कनेक्टर सोडवणे, अर्थ क्लँप वेल्डच्या अगदी जवळ लावणे आणि ब्रेकचे पाइप झाकणे, ही पाच मिनिटांची कामे आहेत. ती टाळली की काही महिन्यांनी ब्रेकची वायरिंग दगा देते आणि खापर कंपनीवर फुटते.

मागचा अंडररन गार्ड, म्हणजे मोटार ट्रकखाली शिरू नये म्हणून लावलेला आडवा दांडा, हा तर शौकिनांचा जिव्हाळ्याचा विषय असायला हवा. आयएस १४८१२ या भारतीय मानकाप्रमाणे गार्डची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको, आणि दोन्ही बाजूंना तो मागच्या अॅक्सलच्या रुंदीपेक्षा १०० मिलिमीटरहून जास्त आखूड नको. पासिंगपुरता पातळ पाइप बोल्टने अडकवला जातो आणि एका धक्क्यात तो वाकतो. मग मोटारीचे बॉनेट फाळक्याखाली शिरते, धडक शोषणाऱ्या पुढच्या भागाला काही टेकतच नाही आणि आघात थेट काचेवर आणि डोक्यावर येतो. पाच स्टार मिळवणारी गाडी चाचणीत ज्या अडथळ्यावर आदळते, तो जमिनीपासून उभा असतो. ट्रकच्या शेपटीखाली ते स्टार काम करत नाहीत.

ट्रकचालक आणि मालकांची तक्रार सरकारपर्यंत पोहोचत नाही, कारण तडा गेला की ट्रान्सपोर्ट नगरात वेल्डर गाठला जातो आणि गाडी रात्रीत रस्त्यावर येते. ज्यांना तक्रार करायची आहे त्यांनी भाग काढण्याआधी जागेवरच फोटो घ्यावेत. भागावरचा क्रमांक आणि बॅचचा शिक्का टिपून ठेवावा. किलोमीटर, भार, वेग आणि रस्ता चढाचा होता की उताराचा, हेही लिहावे. रिकॉलचे काम करून घेतल्यावर जॉब कार्डवर त्या मोहिमेचा क्रमांक लिहून घ्यावा. जुना ट्रक विकत घेताना विक्रेत्याकडे हाच कागद मागावा.

परिवहन खात्याने बाकी रिकॉलची नोंद ‘वाहन’ प्रणालीत चेसिस क्रमांकाला जोडावी. ट्रकचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतेच. त्या वेळी नोंद समोर आली तर काम झाल्याशिवाय गाडी सुटू नये. सात वर्षांची अट मालवाहू वाहनांपुरती तरी काढावी. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची मुदत पंधरा वर्षे आहे. प्रत्येक रिकॉलमध्ये खरोखर किती गाड्या दुरुस्त झाल्या, हा आकडा कंपनीने दर तिमाहीला जाहीर करावा. मोजायचेच असेल तर शौकिनांनी तो मोजावा. आणि हौद्याच्या पुढच्या भिंतीवर बॉडी बांधणाऱ्याचे नाव, परवाना आणि बांधणीची तारीख असलेली पाटी सक्तीची करून तोच क्रमांक आरसीवर यावा, म्हणजे एका कारखान्यातल्या चार हौद्यांखाली सारखाच तडा सापडला तर त्याच कारखान्याचे उरलेले ट्रक कोणाकडे आहेत, हे त्याच दिवशी शोधता येईल.

आपला,
वाहन उद्योगातील एक वाचक, पिंपरी