गच्चीवरचा सिनेमा आणि खोक्यावरचे आकडे

महोदय,

सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा दाखवण्यासाठी वर्गणी काढून आम्ही एक स्वस्त प्रोजेक्टर घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी पस्तावलो. खोक्यावर हजारो ल्युमेन (प्रकाशाचे माप) छापले होते. तो आकडा कोणत्या पद्धतीने मोजला, हे मात्र कोठेच नव्हते. घेणाऱ्याने ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ (ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेला प्रकाश) किती, हे आधी विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर सरळ दुसरे दुकान गाठावे. ‘१०८०पी सपोर्ट’ (१०८०पी म्हणजे चित्रात बिंदूंच्या १०८० आडव्या ओळी) या शब्दांतही मेख आहे: यंत्र तसा व्हिडिओ स्वीकारते, पण त्याचे मूळ रिझोल्यूशन, म्हणजे ते स्वतः प्रत्यक्ष दाखवू शकते तेवढी बारकाई, ७२०पी किंवा त्याहून कमी असू शकते. शिवाय चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली, की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. म्हणून माफक यंत्राकडून भिंतभर चित्राची अपेक्षा धरू नये, सहा-सात फुटी पांढरा, ताणून बांधलेला पडदा पुरतो. मे महिन्यात नाशिकला सातनंतरही उजेड रेंगाळतो आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा खेळाला वेळ थोडाच उरतो. (दादासाहेब फाळके यांच्या जिल्ह्यात ही अडचण यावी, हेही गंमतीचेच.) उत्पादकांना खोक्यावर अ‍ॅन्सी ल्युमेन आणि मूळ रिझोल्यूशन छापणे बंधनकारक करावे, ही विनंती.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक