डेमो पाहून नेटवर्कचे टूल निवडू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

शेकडो स्विच, राउटर आणि फायरवॉल असलेल्या नेटवर्कसाठी मॅनेजमेंट टूल (या उपकरणांवर देखरेख ठेवणारे आणि त्यांच्या सेटिंग सांभाळणारे सॉफ्टवेअर) घ्यायचे, तर निर्णय बहुतेक वेळा विक्रेत्याच्या डेमोवर होतो. डेमोतली उपकरणे नवी आणि एकाच कंपनीची असतात, नोंदीही चोख असतात. आपल्याकडचे चित्र तसे क्वचितच असते. म्हणून आमचा आग्रह आहे, की ऑर्डर देण्याआधी किमान ३० दिवस टूल स्वतःच्या नेटवर्कवर चालवावे आणि त्या चाचणीत सर्वांत जुना स्विच व सर्वांत जास्त भार असलेली लिंक घ्यावीच.

आधी मोजदाद करा. ४८ पोर्टांचे (केबल जोडायच्या जागांचे) २०० स्विच म्हणजे ९,६०० पोर्ट. प्रत्येक पोर्टवरून येणारा ट्रॅफिक, जाणारा ट्रॅफिक, एरर, टाकून दिलेली पॅकेट आणि चालू-बंद स्थिती अशी पाच मोजमापे दर मिनिटाला घेतली, तर टूलला सेकंदाला ८०० नोंदी सांभाळाव्या लागतात. लायसन्स कोणी उपकरणामागे देते, कोणी मोजमापामागे. म्हणजे हेच नेटवर्क एका दरपत्रकात २०० भरते आणि दुसऱ्यात ४८,०००. सगळे पोर्ट सारख्याच बारकाईने पाहण्याची गरजही नसते. अपलिंक (स्विचला उरलेल्या नेटवर्कशी जोडणारी लिंक), सर्व्हर आणि फायरवॉलचे पोर्ट नियमित मोजा. टेबलावरच्या संगणकांच्या पोर्टांसाठी स्विचने पाठवलेला ट्रॅप, म्हणजे काही घडल्यावर स्विच स्वतःहून पाठवतो तो संदेश, पुरतो.

सर्वांत जास्त फसवणूक आलेखात होते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. एसएनएमपी म्हणजे टूल ज्या पद्धतीने उपकरणांकडून माहिती मागते ती प्रणाली. तिचा जुना ३२ बिटांचा बाइट-काउंटर (गेलेले बाइट मोजणारा आकडा) १ गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. टूल दर ५ मिनिटांनी विचारत असेल, तर मधल्या काळात तो आठ-नऊ वेळा फिरलेला असतो, पण टूल फार तर एकच फेरी धरते. मग लिंक तुडुंब भरलेली असूनही आलेख सुमारे ११४ मेगाबिटच्या वर कधी जात नाही आणि लिंक रिकामीच आहे, असा समज होतो. उपाय ६४ बिटांच्या काउंटरचा. पण तो एसएनएमपीच्या आवृत्ती १ मध्ये वाचता येत नाही, २सी किंवा ३ लागते. चाचणीत लिंकवर मुद्दाम भार टाकून आलेखातला आकडा स्विचवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. काउंटर बरोबर असला तरी ५ मिनिटांची सरासरी बरेच झाकते. लिंक १५ सेकंद पूर्ण भरली आणि उरलेला वेळ २० टक्क्यांवर राहिली, तर आलेख २४ टक्के दाखवतो. कॉलमधला आवाज मात्र त्याच १५ सेकंदांत तुटतो.

अलार्मची परीक्षा सोपी आहे. कामाच्या वेळेबाहेर एखाद्या वितरण स्विचची (ज्याच्यामागे इतर स्विच जोडलेले असतात त्याची) अपलिंक काढा. त्यामागे ४० उपकरणे असतील आणि टूलने ४१ अलार्म वाजवले, तर त्याला नेटवर्कची रचना समजलेली नाही. मूळ दोष एकच दिसला पाहिजे, बाकीची उपकरणे ‘पोचता येत नाही’ एवढ्याच नोंदीखाली गेली पाहिजेत. याच वेळी जुन्या स्विचचा सीपीयू पाहा. संपूर्ण राउटिंग टेबल (कोणता ट्रॅफिक कुठे पाठवायचा याची यादी) वारंवार मागणारे टूल त्याला सहज दमवते.

या टूलच्या हाती साऱ्या नेटवर्कच्या किल्ल्या असतात, हे तर कधीच विसरू नये. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात घातक कोड ओरायन या टूलच्या अधिकृत अपडेटमधूनच ग्राहकांकडे पोचला होता. एसएनएमपीच्या आवृत्ती १ आणि २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द, उघड्या मजकुरात जाते. म्हणून आवृत्ती ३ प्रमाणीकरण आणि एनक्रिप्शन दोन्ही चालू ठेवूनच वापरावी. देखरेखीला फक्त वाचण्याचे अधिकार द्यावेत, बदल करणारे खाते वेगळे ठेवावे आणि टूलच्या सर्व्हरला इंटरनेटवर मोजक्याच पत्त्यांपर्यंत जाऊ द्यावे.

नेटवर्क पडल्यावर टूलपर्यंत पोचणार कसे, हा प्रश्न डेमोत कोणी विचारत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा सुमारे सहा तास बंद होती. तेव्हा त्यांची दुरुस्तीची अंतर्गत टूल्स आणि पर्यायी जोडणीही निकामी झाली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. म्हणून उपकरणांपर्यंत पोचण्यासाठी ठेवलेली वेगळी मॅनेजमेंट जोडणी मुख्य नेटवर्कच्या डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर) आणि लॉगिन सर्व्हरवर अवलंबून आहे का, हे त्या दोन्ही सेवा बंद करून तपासावे. कॉन्फिगरेशनचा (उपकरणांच्या सेटिंगचा) बॅकअपही नुसता घेऊन चालत नाही. एक सुटा स्विच घ्या, टूलमधली प्रत त्यावर चढवा आणि तो किती मिनिटांत कामाला लागतो ते घड्याळ लावून पाहा.

आपले,
नेटवर्क व्यवस्थापनात काम करणारे काही अभियंते