मोहरीची पुरचुंडी

सातारा, शुक्रवार रात्र

प्रिय मंगल,

काल तू विचारलंस, "कॅन्सरपायी छाती काढल्यावर ती परत घडवायच्या इतक्या तऱ्हा, यातलं चांगलं कुठलं गं?" आणि मी नुसतं हूं हूं करत राहिले. शेजारी सासूबाई जप करत होत्या, त्यांच्यादेखत काय बोलणार! आता घर निजलंय.

आधी एवढं विचारून घे, की छाती काढल्यावर रेडिएशन लागणार आहे का? बाकीचं बरंचसं त्यावरच अडतं. त्याने शेकलेल्या कातडीखाली इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा कृत्रिम स्तन, घातला तर त्याभोवती शरीर जे वेष्टण विणतं ते आक्रसायची भीती फार. छाती घट्ट होते, दुखते. म्हणून मला थांबायला सांगितलं होतं.

रेडिएशन नसेल तर इम्प्लांट त्यातल्या त्यात सुटसुटीत. पोटा-पाठीला हात लावावा लागत नाही. कातडी अपुरी पडली तर आधी एक पिशवी आत ठेवतात, दर एक-दोन आठवड्यांनी सुईने सलाइन भरत कातडी ताणतात आणि मग दुसऱ्या ऑपरेशनात कायमचा इम्प्लांट. कायमचा म्हणायचं आपलं. पुढे कधीतरी बदलावा लागू शकतो. आवरण गुळगुळीत की खरबरीत, तेही विचार. खरबरीत इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, होतो असं दिसल्यावर २०१९ साली एका कंपनीने आपले जगभरातून परत मागवले होते.

मी थांबले ती दोन वर्षं कशी काढली हे तुला कधी सांगितलं नाही. बाजारातला, ब्लाउजच्या आत वरून ठेवायचा सिलिकॉनचा स्तन उन्हाळ्यात नको व्हायचा, खाली नुसतं घामोळं. कापूस भरून पाहिला, तर त्याला वजन नाही, चालताना गळ्याशी सरकायचा. मग जुन्या मलमलीची पुरचुंडी शिवली आणि तिच्यात मोहरी भरली. शिंपीणबाईंनी ब्लाउजला आतून खिसा लावून दिला. छान चाललं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीकडे गेले, चप्पल काढायला वाकले आणि शिवण उसवली. मोहरी टपटपत पायरीवरून खाली! यजमानीणबाई म्हणाल्या, "अगं, मिसळणाचा डबा घेऊन आलीस की काय?" मीही हसले सगळ्यांबरोबर. घरी आल्यावर परकरात अडकलेले दाणे वेचत किती वेळ बसले कोण जाणे.

त्यानंतर परत सर्जनकडे गेले. आपल्याच अंगाचा भाग घेऊन छाती घडवायची तर एक म्हणजे पाठीचा स्नायू काखेखालून पुढे आणतात, पण त्याने भर पुरत नाही, पुष्कळदा खाली इम्प्लांट घालावाच लागतो. मग राहिलं पोट. जुन्या तऱ्हेत पोटाचा स्नायूही जातो, हर्नियाची धास्ती. दुसरीला डीप फ्लॅप म्हणतात. स्नायू जागच्या जागी ठेवून नुसती कातडी, चरबी आणि तिच्या रक्तवाहिन्या उचलायच्या आणि मायक्रोस्कोपखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडायच्या. माझं तेच केलं. सकाळी आठला आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा दिवेलागण झालेली. रात्रभर दर तासाला नर्स यायची, पेनाएवढं यंत्र छातीवर टेकवायची आणि खोलीत आवाज यायचा, शूक्, शूक्, शूक्. जोडलेल्या शिरेतून रक्त वाहतंय त्याचा. ती गेली की मी पुढच्या तासाची वाट बघायची.

आठवडाभर कमरेत वाकून चालले. पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वण आहे. आणि स्पर्श जवळजवळ नाहीच. गेल्या थंडीत गरम पाण्याची पिशवी छातीशी धरून झोपले, सकाळी बघते तर फोड! मला पत्ताच नाही. हे आधीच कुणी बजावलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला बजावते. ब्लाउज भरतो, आरशापुढे दचकायला होत नाही, इतपत सुख आहे. मला तेवढं पुरलं.

एका डॉक्टरांनी मला "या वयात कशाला?" म्हणून विचारलं होतं. पन्नाशीनंतर बाईला आरसा लागत नाही वाटतं! पण करूनच घे म्हणून कुणी मागे लागलं तरी ऐकू नकोस. वॉर्डातली माझी एक सोबतीण सपाट छातीने मजेत आहे, रोज पोहायला जाते. तिने ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, कातडीचे झोळ ठेवू नका, सपाट शिवा.

तुझी साखर मात्र ताब्यात आण, जखम भरताना तीच नडते. आणि विमावाल्यांनी कॉस्मेटिक म्हणून नाक मुरडलं तर पॉलिसीतलं ते कलम त्यांच्यापुढे धर. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना त्याला अपवाद असते.

मंगळवारी किती वाजता बोलावलंय ते कळव. मी पहाटेची एसटी धरते. प्रश्न कागदावर लिहून ठेव, आत गेल्यावर आपल्याला काही सुचत नाही.

तुझी,
शैला

ता. क. पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन शिवून ठेव. पहिले काही दिवस हात वर जात नाही, आणि ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली अडकवायला आतून खिसा हवाच.