त्या गुरुवारी थांबल्याबद्दल, ताई

प्रिय ताई,

त्या गुरुवारी तुम्ही घरी निघाला होतात, बॅग पाठीला होती, आणि माझा चेहरा बघून परत खुर्चीत बसलात. तेव्हा नीट आभार मानायचे राहूनच गेले.

डायलिसिस केंद्रात एकाच वेळी जास्तीत जास्त किती मशिनं लागतील, एवढंच माझ्या प्रोग्रॅमने सांगायचं होतं. मी प्रत्येक रुग्णाची वेळ बाकी सगळ्यांच्या वेळेशी ताडून बघत होते. २,००० नोंदी, म्हणजे जवळजवळ २० लाख जोड्या. संथ तर होतंच, पण उत्तरही चुकत होतं आणि ते माझ्या लक्षात येत नव्हतं.

तुम्ही कॅन्टीनच्या बिलामागे तीनच रुग्ण लिहिलेत: ७ ते १०, ९ ते १, ११ ते ३. मधल्याची गाठ दोघांशी पडते, म्हणून माझा कोड तीन मशिनं मागत होता. पण पहिला आणि तिसरा एकमेकांना भेटतच नाहीत! दोन पुरतात. "कोण कोणाला भेटतो ते सोड," तुम्ही म्हणालात, "दाराशी उभी राहा. आत आला की एक वाढव, बाहेर पडला की एक कमी कर." येण्याच्या आणि जाण्याच्या वेळा एकाच यादीत क्रमाने लावायच्या, पुढे सरकत बेरीज ठेवायची, मधे दिसलेला सर्वांत मोठा आकडा हेच उत्तर. एकदा सॉर्ट केलं की यादी एकदाच वाचायची.

मग तुम्ही पहिल्याचे १० खोडून ११ केलेत. "आता?" ११ ला एक सुटतो, ११ लाच दुसरा येतो. आधी वजा केलं तर दोन, आधी मिळवलं तर तीन. मी म्हटलं, आधी वजा. तुम्ही म्हणालात, "हे मला नको, मशीन चालवणाऱ्याला विचार."

दुसऱ्या दिवशी तिथल्या टेक्निशियनना फोन केला. प्रत्येक रुग्णानंतर मशीन निर्जंतुक करतात, त्याला ते अर्धा तास धरतात. म्हणजे ११ ला सुटलेलं मशीन ११.३० पर्यंत कोणालाच देता येत नाही. प्रत्येक शेवटाच्या वेळेत अर्धा तास मिळवला, उत्तर तीन आलं. दोनवर थांबले असते तर आठवड्यातून तीनदा येणारा कोणीतरी दर खेपेला बाहेरच्या बाकावर ताटकळत बसला असता.

दहा ओळी लिहून देऊन तुम्ही पाच मिनिटांत निघू शकला असतात. त्याऐवजी तुमची बस चुकली. ताई, मनापासून आभार. ते बिल मी जपून ठेवलंय.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची