काढलेल्या गर्भाशयाची तपासणी आणि जीन फ्यूजन: माननीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: शस्त्रक्रियेत काढलेल्या प्रत्येक गर्भाशयाची ऊती-तपासणी (बायोप्सी) सक्तीची करणे आणि जीन फ्यूजन तपासणीची सोय नागपुरात उभारणे.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कापसाची वेचणी आटोपून हातात थोडा पैसा आला, की वर्षभर अंगावर काढलेली दुखणी घेऊन बाया दवाखान्यात येतात, आणि अंगावरून फार जाते म्हणून गर्भाशयाची पिशवी काढून टाकणे ही आमच्याकडे नित्याची शस्त्रक्रिया झाली आहे. काढलेली गाठ बहुतेक वेळा साधी, म्हणजे फायब्रॉइडचीच असते. मात्र सोनोग्राफीत हुबेहूब फायब्रॉइडसारखी दिसणारी एखादी गाठ सार्कोमाची, म्हणजे स्नायू किंवा आधार देणाऱ्या ऊतीच्या कर्करोगाची, निघू शकते, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. गर्भाशयाच्या सर्व कर्करोगांत सार्कोमाचे प्रमाण साधारण ३ ते ७ टक्के आहे. हे पत्र या थोड्या जणींसाठी आहे.

यातल्या काही सार्कोमांच्या मुळाशी जीन फ्यूजन असते. दोन गुणसूत्रे तुटतात, त्यांचे तुकडे भलत्या ठिकाणी जोडले जातात आणि दोन वेगळ्या जनुकांपासून एक नवेच जनुक तयार होते. दोन शेतांच्या सातबाऱ्यांची अर्धी-अर्धी पाने चिकटून तिसऱ्याच शेताचा उतारा व्हावा, तसे. एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमाच्या (गर्भाशयाच्या अस्तराला आधार देणाऱ्या ऊतीतल्या सार्कोमाच्या) मंद वाढणाऱ्या प्रकारात ७ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांवरील जेएझेडएफ१ आणि एसयूझेड१२ ही जनुके अशी जोडलेली आढळतात, हे २००१ साली दाखवले गेले. त्याच कुळातल्या आक्रमक प्रकारात १० आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांमधले वायडब्ल्यूएचएई–एनयूटीएम२ हे फ्यूजन असल्याचे २०१२ साली कळले. गर्भाशयमुखाच्या एका दुर्मीळ सार्कोमात एनटीआरके जनुकाचे फ्यूजन असते, आणि तो प्रामुख्याने कमी वयाच्या स्त्रियांत दिसतो.

फ्यूजन कळल्याने उपचार बदलतो, म्हणून हे सारे आपल्यापुढे मांडत आहे. मंद प्रकारच्या गाठी बहुधा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढतात. अशा स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या देणे धोक्याचे असते. उलट आजार परतला तरी इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या रोजच्या एका गोळीने तो वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो, आणि ही गोळी भारतातच तयार होते. आक्रमक प्रकाराला लवकर केमोथेरपी लागते. एनटीआरके फ्यूजन असलेल्या गाठींसाठी, त्या शरीरात कुठेही असल्या तरी, लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. एएलके जनुकाचे फ्यूजन असलेल्या, इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक नावाच्या दुर्मीळ गाठी गर्भाशयातही होतात आणि त्यांच्यावर क्रिझोटिनिब हे औषध चालते. ही शेवटची दोन औषधे महाग आहेत याची मला जाणीव आहे. तरीही नेमके निदान झालेच नाही, तर स्वस्त लेट्रोझोलही त्या बाईपर्यंत पोहोचत नाही.

माझ्याकडे चाळिशीतली एक शेतमजूर बाई दम आणि खोकला घेऊन आली. क्षयाची औषधे आधीच सुरू झाली होती आणि स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत गोल गाठी होत्या. काही वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती. मंद प्रकारचा सार्कोमा असाच, बऱ्याच काळाने, फुफ्फुसात उगवतो. नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या फाइलीत डिस्चार्ज कार्ड होते, रक्ताचे रिपोर्ट होते, औषधांची बिलेही होती, पण बायोप्सीचा कागद नव्हता. गाठ तपासायला दिली होती का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरसायबानं ट्रेमधी दाखोली, मंग तिचं काय केलं मालूम नाही." फुफ्फुसातून सुईने काढलेला नमुना इतका थोडा होता, की फ्यूजन शोधण्याइतके आरएनए, म्हणजे जनुकाची पेशीतली नक्कल, त्यातून निघाले नाही. पहिल्या शस्त्रक्रियेतली ती मूठभर गाठ जपली असती, तर उत्तर तिच्यात होते.

नमुना पाठवला तरी तो कसा पाठवला यावर पुढचे सगळे अवलंबून असते. नमुना टिकवणारे फॉर्मलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते. त्यामुळे न चिरलेले अख्खे गर्भाशय लहान बरणीत कोंबून दिले, तर ते बाहेरून टणक होते आणि आत कुजते. विदर्भातल्या मे महिन्यात तर काही तासांतच. नमुना सलाइनमध्ये बुडवून एसटीने शहरात नेणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. बफर (आम्लता रोखणारे क्षार) नसलेले फॉर्मलिन काळाबरोबर आम्ल होते आणि आरएनएचे तुकडे करते. तपासणीयोग्य द्रावण करायला एक भाग फॉर्मलिन, नऊ भाग पाणी आणि लिटरमागे सोडियम फॉस्फेटचे दोन क्षार, एक ४ ग्रॅम आणि दुसरा ६.५ ग्रॅम, एवढेच लागते. गर्भाशय मधोमध चिरून दहापट द्रावणात ठेवावे आणि ६ ते ७२ तासांत त्याचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) व्हावेत, एवढी शिस्त ग्रामीण रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातही पाळता येते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

गर्भाशयमुखाच्या आणि अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगांत सरसकट फ्यूजन शोधावे, असे माझे म्हणणे नाही. अंडाशयाच्या कर्करोगात वारंवार आढळणारे एक फ्यूजन सापडल्याचा दावा २०११ साली झाला होता, पण पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. गर्भाशयमुखासाठी एचपीव्ही लस आणि वेळेवर तपासणी हेच खरे काम आहे, आणि त्यातला एक रुपयाही इकडे वळवू नये. सार्कोमाचा संशय असलेल्या निवडक गाठींपुरतीच ही तपासणी हवी, आणि त्यातही आधी गाठीतली विशिष्ट प्रथिने दाखवणारी सायक्लिन डी१, पॅन-टीआरके यांसारखी स्वस्त रंजके वापरून गाळणी लावता येते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. शासकीय असो वा खासगी, योजनेतली असो वा रोखीची, काढलेले प्रत्येक गर्भाशय ऊती-तपासणीला गेलेच पाहिजे, असा शासन निर्णय काढावा. अहवालाची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी, ब्लॉक जपून ठेवावेत आणि मागणी केल्यावर ते द्यावेत, हेही त्यात असावे. बफर केलेले फॉर्मलिन आणि मोठ्या तोंडाच्या बरण्या औषध भांडारातून उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांना मिळाव्यात. वैद्यकीय शिक्षण विभागाला सोबत घेऊन नागपुरात एका शासकीय संस्थेत फिश (तुटलेली-जोडलेली जनुके चमकत्या रंगाने दाखवणारी चाचणी) आणि आरएनए सिक्वेन्सिंगची (आरएनए वाचून फ्यूजन ओळखण्याची) सोय उभारावी, आणि विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून ब्लॉक तिथे पोहोचवण्याची जबाबदारी आरोग्य विभागाने घ्यावी. पॅराफिन ब्लॉकला बर्फ लागत नाही, तो टपालानेही जातो. सिरोंचा किंवा धारणीहून बाईने मजुरी बुडवून, सोबत माणूस घेऊन नागपूर गाठण्याचे मग कारण उरत नाही. या तपासणीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नावानिशी नमूद व्हावा, म्हणजे मंजुरीसाठी कोणाला दारोदार फिरावे लागणार नाही.

यातली प्रयोगशाळा उभी राहायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. फॉर्मलिनचा आणि सक्तीच्या तपासणीचा आदेश मात्र येत्या उन्हाळ्यापूर्वी निघू शकतो, आणि तो निघावा. माझ्या तालुक्यातल्या परिचारिकांना नमुना जपण्याचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मी स्वतः घ्यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ,
जि. यवतमाळ