स्ट्रिप्स चुकीचे आकडे दाखवतात आणि तपासायचं द्रावण कुठेच मिळत नाही

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ग्लुकोमीटर विभाग

विषय : सदोष टेस्ट स्ट्रिप्स व कंट्रोल सोल्युशनची अनुपलब्धता

महोदय,

माझ्या सासूबाईंना टाइप टू मधुमेह आहे. साखर कमी करणाऱ्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत. घरी तुमचंच ग्लुकोमीटर आहे, आणि वहीतले आकडे बघून डॉक्टर गोळ्या कमी-जास्त करतात.

जुलैत आम्ही चिपळूणच्या मेडिकलमधून ५० स्ट्रिप्सची नवी बाटली घेतली. सील शाबूत, मुदत पुढच्या वर्षाची. त्या बाटलीपासून उपाशीपोटीची साखर २२०-२३० येऊ लागली. सासूबाई धास्तावल्या. रात्रीची भाकरी सोडून नुसत्या ताकावर राहू लागल्या; गोळी मात्र चालूच. एका दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, म्हणजे साखर उतरल्याचीच लक्षणं. मीटर म्हणतो ११८! त्यावर विश्वास ठेवून आम्ही त्यांना नुसतं पडून राहायला सांगितलं असतं तर? तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, तेव्हा त्या सावरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं आणि तिथेच मीटरवरही तपासलं. लॅब १५२, मीटर २३१. जुन्या बाटलीतली उरलेली स्ट्रिप त्याच मीटरला लावली, तर १५८. म्हणजे दोष मीटरचा नाही, या बाटलीचा आहे. तुमच्या खोक्यावर आयएसओ १५१९७ हे ग्लुकोमीटरच्या अचूकतेचं आंतरराष्ट्रीय मानक छापलंय. त्या मानकानुसार साखर १०० किंवा जास्त असेल, तर शंभरातले पंच्याण्णव आकडे लॅबच्या १५ टक्के इकडे-तिकडे हवेत. १५२ साठी ते साधारण १२९ ते १७५ होतात.

हेल्पलाइनवरच्या माणसाने विचारलं, हात धुतले होते का, झाकण उघडं राहिलं होतं का. दमट हवेने स्ट्रिप खराब होते हे कोकणात राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. साबणाने हात धुऊन, कोरडे करूनच आम्ही सुई टोचतो आणि स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावतो. पण बाटली आमच्या हातात येण्याआधी गोदामात आणि गाडीत किती तापली, हे तुम्हीच शोधू शकता.

मला जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय की शंका आली तर कंट्रोल सोल्युशनने, म्हणजे साखरेचं ठरावीक प्रमाण असलेल्या द्रावणाने, स्ट्रिप तपासा. त्याचा आकडा कुठून कुठपर्यंत यायला हवा, तेही स्ट्रिप्सच्या बाटलीवर छापलंय. पण ते सोल्युशन ना मेडिकलमध्ये, ना तुमच्या वेबसाइटवर. हेल्पलाइन म्हणते, "सध्या देत नाही." मग घरी बसलेल्या माणसाने खोटा आकडा ओळखायचा कसा? हे पत्रकही बारीक इंग्रजीत, सासूबाईंना एक अक्षर वाचता येत नाही.

बाटली बदलून द्या, लॅबचा खर्च भरून द्या, या लॉटची तपासणी करून निष्कर्ष लेखी कळवा. कंट्रोल सोल्युशन मेडिकलमध्ये ठेवा आणि पत्रक मराठीत छापा. बिल, लॅबचा रिपोर्ट, मीटरचे आणि लॉट नंबरचे फोटो सोबत जोडले आहेत. उरलेल्या स्ट्रिप्स बंद बाटलीत जपून ठेवल्या आहेत, तुमचा माणूस पाठवून घेऊन जा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन.

आपली,
एक ग्राहक, चिपळूण